निनावी फोन आणि राजपत्र



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या ग्रंथालयात जमतो, ते गिरणगावातल्या रात्रशाळेत नागरिकशास्त्र शिकवत. पहिल्या पाळीचे कामगार संध्याकाळी त्यांच्यासमोर बसत आणि सर पुस्तक मिटून त्या दिवसाचं वर्तमानपत्र उघडत. नागरिकशास्त्राच्या अशा वर्गात दाखवावा असा एकच मराठी चित्रपट निवडायचा तर मी 'सिंहासन' निवडीन. मराठीतल्या ज्या चित्रपटाशी भांडावंसं वाटतं, तोही 'सिंहासन'च आहे. आज या दोन्ही गोष्टी बोलणार आहे.

हा चित्रपट १९७९ साली आला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा आणि संवाद विजय तेंडुलकरांचे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून तो बेतला होता. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे श्रीराम लागू, कामगारपुढारी डिकास्टा सतीश दुभाषी, पत्रकार दिगू टिपणीस निळू फुले. शिवाय दत्ता भट, मोहन आगाशे, नाना पाटेकर, रीमा लागू, उषा नाडकर्णी. त्या काळची मराठी रंगभूमी जवळजवळ सगळी एका चित्रपटात उतरली होती. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

सुरुवात एका निनावी फोनने होते. तुमचं सरकार पाडायचा कट शिजतोय आणि तो तुमच्याच माणसांत शिजतोय, असं कुणीतरी मुख्यमंत्र्यांना सांगतं. त्यानंतर जिवाजीरावांच्या डोळ्यांत जी सावधगिरी येते, ती शेवटपर्यंत जात नाही. सरनाईक हे तोवर मराठी चित्रपटाचे देखणे, गाणारे नायक. त्यांनी इथे आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारा आणि ऐकता ऐकता त्याची किंमत ठरवणारा राजकारणी त्यांनी उभा केला. उलट लागूंच्या दाभाड्यांत उतावीळपणा आहे. आपली लायकी जास्त असून खुर्ची दुसऱ्याला मिळाली, हा सल त्यांच्या बोलण्यात सतत जाणवतो. या दोघांमधले प्रसंग मी कितीदा पाहिले तरी कंटाळत नाही.

पण चित्रपटाचा प्राण म्हणजे निळू फुले. त्याआधी चारच वर्षांपूर्वी 'सामना'त त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट रंगवला होता, आणि पडद्यावर ते आले की बायका पदर सावरत अशी त्यांची ख्याती. त्यांच्याच हातात जब्बार पटेलांनी पत्रकाराची वही दिली. दिगू सगळीकडे असतो. मंत्र्यांच्या दालनात असतो, दाराबाहेर असतो, डिकास्टाच्या बैठकीतही असतो. त्याच्याशी सगळे मोकळेपणानं बोलतात, कारण याच्याकडून आपल्याला धोका नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. निळूभाऊ ते फक्त ऐकण्यातून दाखवतात. ऐकणाऱ्या माणसाचा इतका उत्तम अभिनय मराठी पडद्यावर मला दुसरा आठवत नाही.

काळ कसा होता तेही लक्षात घ्या. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. 'किस्सा कुर्सी का' या हिंदी चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत नष्ट करण्यात आल्या होत्या आणि तो नव्यानं बनवून १९७८ साली लोकांपुढे आणावा लागला होता. महाराष्ट्रात जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून शरद पवार वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले होते. 'सिंहासन'च्या चित्रीकरणासाठी मंत्रालयासारख्या खऱ्या जागा मिळाल्या त्या त्यांच्याच परवानगीनं. मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढणाऱ्यांची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाला राज्याच्या मुख्यमंत्र्यानं दार उघडून दिलं, याचं मोल मी कमी मानत नाही. आज अशी परवानगी कुणी मागून बघावी.

त्याआधीच्या दहा वर्षांत जगभर कटाचे चित्रपट निघत होते. कोस्ता-गावरासचा 'झेड' १९६९ चा. ग्रीसमधले खासदार लांब्राकिस यांच्यावर १९६३ मध्ये थेसालोनिकीत हल्ला होऊन ते मारले गेले. पोलिसांनी तो अपघात ठरवू पाहिला आणि एका तपास-न्यायाधीशानं खुनाच्या साखळीचा पाठपुरावा केला. चित्रपट त्यावर होता. ग्रीसमध्ये लष्करशाही असल्यामुळे चित्रीकरण अल्जीरियात झालं. अमेरिकेत ॲलन पाकुलानं 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू' काढला, त्यात कट शोधणारा बातमीदार स्वतःच त्या कटात गिळला जातो. पुढे दोन वर्षांनी त्यानंच 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' काढला. त्यात वॉशिंग्टनचे दोन बातमीदार टेलिफोन, वही आणि पायपीट यांच्या बळावर राष्ट्राध्यक्षापर्यंत पोहोचतात.

दिगू या दोन्हींत बसत नाही. त्याला कुणी मारत नाही आणि त्याची बातमीही कुणाला पाडत नाही. त्याला सगळं कळतं, आणि कळून काही होत नाही. शेवटी जिवाजीराव खुर्ची राखतात आणि दिगूला वेड्यासारखं हसू फुटतं. ते हसू थांबत नाही. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशा भोसल्यांचा आवाज अशा त्या गाण्यानं आपल्याला आधीच अस्वस्थ केलेलं असतं. त्यात या हसण्यानं प्रेक्षक पुरता हादरतो. चित्रपट म्हणून हा शेवट थोर आहे, यात मला शंका नाही. नागरिकाला तो कुठे नेऊन सोडतो, याची मात्र मला काळजी वाटते, आणि माझं भांडण तिथून सुरू होतं.

माझे वडील गिरणीत साचा खात्यात होते. आमच्या चाळीत एकाच खोलीत टीव्ही होता. दूरदर्शनवर 'सिंहासन' लागला तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिवाजीरावांच्या प्रत्येक चालीला दाद मिळत होती. चित्रपट संपल्यावर बाहेर गॅलरीत पुरुषमंडळी रंगून बोलत होती, हा म्हणजे अमका आणि तो म्हणजे तमका. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते सगळं ठीक. पण कामगारांना मिळालं काय?" कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा मला तो प्रश्न रसभंग करणारा वाटला होता. पुढे शिक्षिका झाले, वर्गात हाच चित्रपट मुलांना समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा तो परत परत आठवत राहिला.

'सिंहासन'मध्ये कामगार आहेत. डिकास्टा आहे, आणि दुभाषींनी तो असा केला आहे की त्याच्या थकव्याचीही दया यावी आणि हुशारीचीही भीती वाटावी. पण त्याचा संप येतो तो मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री यांच्या डावातला एक पत्ता म्हणून. पत्ता कुणी टाकला, कुणी राखून ठेवला, कुणाला तो जड गेला, हे आपण श्वास रोखून बघतो. संपावर गेलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे चित्रपटाच्या परिघाबाहेर राहतं. बायका तर आणखी बाहेर राहतात. त्या कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको म्हणून येतात, पुरुषांच्या खेळाचे ओरखडे अंगावर घेतात आणि निघून जातात.

हा आळ साधूंवर किंवा तेंडुलकरांवर ठेवायचा नाही. साधू स्वतः मुंबईतले बातमीदार, नंतर 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादक. लोकलमध्ये बूटपॉलिश करणाऱ्या पोरांवर 'झिपऱ्या' लिहिणारा हा लेखक. तेंडुलकरांचं बालपण गिरगावातलं. पुढे गोविंद निहलानींसाठी त्यांनी 'आक्रोश', 'अर्धसत्य' आणि १९८५ मध्ये 'आघात' लिहिले. 'आघात' तर कामगार संघटनांच्या आपसातल्या लढाईवरच आहे. या माणसांना गिरणगाव दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणणं एवढंच की 'सिंहासन'नं कटाची एक जागा ठरवून दिली. कट म्हणजे बंद दालन, निनावी फोन, दिल्लीची वारी, आमदारांची मोजदाद. मराठी मध्यमवर्गानं ती व्याख्या मनापासून स्वीकारली. राजकारण कळतं म्हणजे कोण कुणाला पाडतंय ते कळतं, असं आपण मानू लागलो.

चित्रपटाच्या नऊ वर्षं आधी, ५ जून १९७० च्या रात्री, लालबागमध्ये कृष्णा देसाई यांचा खून झाला. ते कम्युनिस्ट पक्षाचे आमदार होते, निवडून आले होते ते याच भागातून. अंत्ययात्रेला गिरणगाव लोटलं होतं, असं जुनी माणसं सांगतात. खटला चालला, शिक्षा झाल्या. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली, त्यात त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. विधानसभेत गेलेले ते शिवसेनेचे पहिले आमदार. लाल बावट्याच्या गिरणगावाचा रंग कसा बदलला याची गोष्ट त्या चार-पाच महिन्यांत दडलेली आहे. ग्रीसमधल्या एका लोकप्रतिनिधीच्या खुनावर सहा वर्षांत जगभर गाजलेला चित्रपट निघाला. लालबागमधल्या लोकप्रतिनिधीचा खून होऊन अर्धशतक उलटून गेलं तरी त्याच्या तोडीचा मराठी चित्रपट आपल्याकडे नाही. मला याची खंत वाटते.

आणि हे झालं रात्रीच्या अंधारातलं. या परळ-लालबागला ज्यानं खरं उद्ध्वस्त केलं ते दिवसाउजेडी घडलं, छापून घडलं.

१९४६ सालचा मुंबई औद्योगिक संबंध कायदा घ्या. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबई प्रांताचे कामगारमंत्री. या कायद्यानं एका शहरात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानायची पद्धत घालून दिली. मालकांशी वाटाघाटी करायच्या त्या तिनेच. गिरण्यांमध्ये हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. पाठीशी कामगार किती उरले, हा प्रश्न विचारायची सोय कायद्यात होती, पण ती वाट इतकी लांबची की गुप्त मतदान घ्या ही कामगारांची मागणी वर्षानुवर्षं मागणीच राहिली. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला आणि गिरणी कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. आमच्या भागात त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पन्नासहून जास्त गिरण्या बंद, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढीबरोबर मुख्य मागणी हीच होती की हा कायदा काढा, आमची संघटना आम्हाला निवडू द्या. सरकारच्या लेखी त्या अडीच लाख माणसांच्या वतीनं बोलायचा अधिकार डॉक्टरांना नव्हताच. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. माणसं थकली, काही गावी गेली, काही बदलीवर परतली, बरीच कधीच परतली नाहीत.

हे करायला कुणाला निनावी फोन करावा लागला नाही. कायद्याचं कलम होतं, ते पुस्तकात छापलेलं होतं.

पुढचं त्याहून साधं आणि त्याहून भयंकर. १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळ तीन वाटे: एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा दिला. सगळ्या जागा मिळून विचार केला तर या दाटीच्या भागाला मोकळा श्वास मिळेल, अशी त्यामागची दृष्टी होती. तो आराखडा कागदावर राहिला. २००१ मध्ये ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते सगळ्या जमिनीचे नव्हे, गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचेच. आता गिरणी म्हणजे काय असते हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. साचा खातं, कताई खातं, गोदाम, बॉयलर, चिमणी. जमिनीचा बहुतेक भाग बांधलेलाच असतो. वाटे झाले ते उरलेल्या अंगणाचे. बागा गेल्या, घरं गेली.

या दुरुस्तीविरुद्ध एक पर्यावरणवादी संस्था उच्च न्यायालयात गेली, ऑक्टोबर २००५ मध्ये तिथे जिंकली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. आज लोअर परळच्या स्टेशनातून बाहेर पडून ना. म. जोशी मार्गानं चालत या. दोन्ही बाजूंना जे मनोरे दिसतात ते त्या एका वाक्याच्या दुरुस्तीतून उभे राहिले आहेत. ते वाक्य ज्या दिवशी बदललं त्या दिवशी मंत्रालयाच्या बातमीदारांपैकी किती जणांनी ते पहिल्या पानावर नेलं? आमच्यापैकी किती जणांनी ते वाचलं?

दिगू टिपणीसकडे मी या नजरेनं बघते तेव्हा मला त्याच्या हसण्याचा रागही येतो. दिगूला आतल्या खोलीतलं सगळं माहीत आहे. पण त्याच इमारतीत शेजारच्या खोलीत टिपणी तयार होत असते, मसुदा टंकलिखित होत असतो, तो राजपत्रात जाणार असतो. त्या खोलीत दिगू जात नाही, कारण तिथे नाट्य नाही. चित्रपट त्याला सर्वज्ञ मानतो आणि म्हणून त्याचं वेड आपल्याला अटळ वाटतं. मला ते अटळ वाटत नाही. वॉशिंग्टनच्या त्या दोघांनी नाट्यमय भेटी घेतल्या त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ याद्या चाळल्या, धनादेशांचा माग काढला. पाकुलानं ते कंटाळवाणं काम रोमांचक करून दाखवलं. म्हणजे ते करता येतं.

तरुण मित्रांनो, तुम्हाला वाटेल ही जुनी गिरण्यांची कहाणी झाली. २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. राजभवनात भल्या पहाटे शपथविधी झाला आणि महाराष्ट्रभर एकच नाव निघालं, 'सिंहासन'. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले तेव्हाही तेच. दिगूचं हसणं फोनाफोनी फिरत होतं. चित्रपट चाळीस वर्षांनंतरही ताजा आहे याचा अभिमान मलाही वाटला. पण २०१९ च्या त्या नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि अवकाळी पावसानं पिकं शेतात सडली होती. पंचनामे कुठवर आले, मदत किती जाहीर झाली, हे विचारण्यापेक्षा कोण कुणाच्या गाडीत बसलं हे बघण्यात आपले दिवस गेले. माझेही गेले. राजकारण बघायची ही सवय आपल्याला अनेक गोष्टींनी लावली, त्यात या सुंदर चित्रपटाचाही वाटा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

गिरणगावाची दुसरी बाजू सांगणारं काम झालं आहे, तेही नोंदवते. जयंत पवारांचं 'अधांतर' १९९७ चं. संपानंतरच्या चाळीतलं एक घर, चार भावंडं आणि त्यांची आई. त्या आईत मला माझ्या चाळीतल्या दहा बायका दिसल्या. त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' केला. त्यात हाणामारी माझ्या सोसण्यापेक्षा जास्त आहे, पण 'भारतमाता' चित्रपटगृहात तो पाहायला आलेली म्हातारी माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती, हे मी पाहिलं आहे. या कलाकृती परिणामांच्या आहेत, घर कसं मोडलं ते सांगणाऱ्या. कुणी, कोणत्या सहीनं, कोणत्या नियमानं मोडलं, ती गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ती सांगायला 'सिंहासन'चीच कारागिरी लागेल. तेच धारदार संवाद, तेच चेहरे वाचणारं छायाचित्रण, तीच शांतपणे वाढत जाणारी धास्ती. जब्बार पटेलांकडून नव्या दिग्दर्शकांनी ती जरूर शिकावी आणि कॅमेरा त्या शेजारच्या खोलीत न्यावा.

आज नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. जुन्या इमारतींच्या दारांवर नोटिसा लागत आहेत. नियमात बदल करायचा झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्यासाठी मुदत असते, ती वर्तमानपत्रात बारीक टाइपात छापून येते. सरांच्या रात्रशाळेत हा बारीक टाइप मोठ्यानं वाचला जायचा. कामगार अर्ज लिहायला शिकायचे ते त्यातूनच.

म्हणून या ग्रंथालयाला आणि तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या विभागाबद्दलच्या सरकारी सूचना इथे वाचून दाखवाव्यात आणि हरकती लिहायला मदत करावी. ज्यांच्या घरी संपाच्या काळातल्या पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, गिरणीच्या नोटिसा, पत्रकं पडून असतील त्यांनी ती रद्दीत न टाकता इथे आणून द्यावीत. ५८ व्या नियमावर ज्याला कधी चित्रपट लिहायचा असेल, त्याला ती लागणार आहेत.